सरांची जीभ

सरांच्या लॅबमध्ये शिरायचं तर आधी तोंड दाखवावं लागे. चेहरा नव्हे, तोंड. सर दाराशी स्टूल टाकून बसलेले असत. टेक्ससच्या उन्हाळ्यातही गळ्यात टाय, खिशाला स्टीलचा छोटा चमचा आणि मांडीवर स्टॉपवॉच. आपण जवळ गेलो की म्हणत, "आ कर." आपण आ करायचा. सर नाक पुढे आणून वास घेत. पुदिन्याच्या टूथपेस्टचा संशय जरी आला तरी त्या माणसाने दुपारपर्यंत मसाल्यांना हात लावायचा नाही, भांडी धुवायची. च्युइंगम सापडलं तर दिवसभर भांडी.

एकदा एसी दुरुस्त करायला आलेल्या एका धिप्पाड अमेरिकन माणसालाही त्यांनी "आ" करायला लावलं. त्याने मुकाट्याने केलं. बहुधा त्याला वाटलं, ही इन्शुरन्सची काहीतरी अट असेल. सरांनी वास घेतला आणि म्हणाले, "कॉफी. जाऊ द्या."

ही लॅब अर्विंगमध्ये होती. एका बाजूला टायरचं दुकान, दुसऱ्या बाजूला इंडियन ग्रोसरी. आयात होऊन आलेले मसाले आमच्याकडे तपासायला येत. हळदीत रंग आहे का, मिरपुडीत पपईचं बी आहे का, असली कामं. पण सरांचा जीव एकाच मालावर होता. चिनी लोक त्याला ह्वाज्याव म्हणतात, इथल्या पाकिटांवर सिचुआन पेपर लिहिलेलं असतं. सर म्हणत, "नाव पेपर, पण ना मिरी ना मिरची. लिंबाच्या खानदानातलं पोट्टं आहे ते, काटेरी झुडपावर लागते." मिरीएवढं फळ. ते वाळलं की उकलतं. आत काळं चकचकीत बी आणि बाहेर खरबरीत लालसर टरफल. बी कुचकामी, सगळी करामत टरफलात. ते जिभेवर ठेवलं की आधी लिंबाच्या सालीसारखा वास, मग मुंग्या, मग जीभ कुणीतरी बारीक मशीनला लावल्यासारखी थरथरते, मग बधिर होते. आणि तोंडाला पाणी सुटतं, भरपूर.

मी सरांना पहिल्यांदा भेटले ती मुलाखतीला. माझं एम.एस. संपलं होतं आणि व्हिसाचे दिवसही संपत आले होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील वेंगुर्ल्याला बर्फाच्या कारखान्यात, आई बाजारात मासे विकायला. तोवरच्या मुलाखतींत मला पाच वर्षांनंतर मी स्वतःला कुठे बघते असं विचारलं होतं आणि मी घाबरून काहीतरी इंग्रजी बोलले होते. सरांनी काहीच विचारलं नाही. आ करायला लावलं आणि माझ्या तळहातावर एक फळ ठेवलं.

"खा. आणि सांग."

मी खायच्या आधी नखाने उकलून त्यातलं काळं बी काढून टाकलं. हात आपोआपच तसा गेला. टरफल जिभेवर ठेवलं, आणि अर्ध्या मिनिटात माझ्या तोंडून मराठी निघालं.

"सर, हे तर तिरफळ!"

सर खुर्चीतून उठले. "काय म्हणाली?"

"तिरफळ. आमच्याकडे बांगड्याच्या कालवणात घालतात."

"तिरफळ नाही. तिरफळाचा चुलतभाऊ आहे तो. तुमच्याकडं माशाले लावते, त्यांच्याकडं डुकराले लावते." सर नागपूरचे. तीस वर्षं अमेरिकेत राहून त्यांच्या इंग्रजीलाही वऱ्हाडी हेल आला होता. "बी काऊन काढलं?"

"आई काढते. नाहीतर दाताखाली रेती येते."

"एम.एस. केलेले चार जण आले होते सकाळपासून. चौघांनी बी चावलं." त्यांनी स्टॉपवॉच बंद केलं. "सोमवारी ये. टूथपेस्ट बिनपुदिन्याची आण."

माझी नोकरी अशी लागली. माझ्या शिक्षणाचा त्यात किती वाटा होता ते मला अजून सांगता येत नाही.

नाव माहीत असूनही ते मला "कोकण" म्हणत. "ए कोकण, पाणी उकळलं का?" मालकीणबाईंना मात्र "मॅडम" म्हणत, आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा इतका सरळ असे की त्यातला वाकडेपणा बरोबर कळे. लॅब त्यांच्या वडिलांनी सरांबरोबर काढली होती. वडील वारले आणि मुलगी ऑफिसात येऊन बसली. ती इथेच जन्मलेली, हुशार, कामाला वाघ, आणि सर्वांदेखत सरांना "काका" म्हणणारी. ऑफिसातल्या कार्पेटवर लहानपणी ती रांगली होती. सर चिडले की म्हणत, "हिचे डायपर बदलले आहेत मी. आता ही माझी मेथड बदलून राहिली."

सरांची मेथड म्हणजे जीभ. माल आला की आधी जीभ, मग मशीन. टरफल जिभेवर ठेवायचं, स्टॉपवॉच लावायचं आणि मुंग्या कधी आल्या, किती वेळ टिकल्या ते सांगायचं. चांगला माल बारा-पंधरा मिनिटं नाचवतो. मेलेला माल दोन मिनिटांत गप्प होतो. या जिभेसाठी सरांनी काय सोडलं नव्हतं! नागपूरचा माणूस, पण सावजी मटण नाही, ठेचा नाही, लोणचं नाही, चहा कोमट. रोज दुपारी फोडणी न घातलेला दहीभात. ग्रोसरीवाला पटेल म्हणे, "ये अंकल बीमार है क्या?" सर म्हणत, "पहिलवान लंगोट सांभाळते, मी जीभ सांभाळतो."

म्हणूनच एकदा पार्किंगमध्ये जे पाहिलं ते मला विचित्र वाटलं. सर स्वतःच्या गाडीत काचा वर करून बसले होते, मांडीवर डबा, आणि डब्यातला हिरवागार ठेचा भाकरीला लावून खात होते. डोळ्यांतून धारा, कान लाल, टाय खांद्यावरून मागे टाकलेला. मी पटकन मागे फिरले. मनात म्हटलं, म्हातारा माणूस आहे, कधीतरी मोह होणारच. कुणाला सांगितलं नाही.

चव घेताना आम्ही दोघं समोरासमोर बसायचो. दोघांच्याही जिभेवर एकेक टरफल, मधे स्टॉपवॉच. सरांचा पहिला नियम होता: "आधी तू सांग." मी सुरुवातीला म्हटलं, "सर, तुम्ही सीनियर आहात, तुम्ही आधी." तर म्हणाले, "सीनियर आधी बोलला की ज्युनिअरची जीभ खोटं बोलते. आधी तू सांग." मी सांगायची. सर माझ्याकडे एकटक बघत ऐकायचे आणि म्हणायचे, "बरोबर." मग शीट भरायचे. ती शीट ते स्वतः भरत आणि थेट मॅडमकडे सहीला पाठवत. मी फक्त मशीनचे रिपोर्ट करायची.

दोन वर्षांत त्यांनी माझा आकडा फक्त दोनदा नाकारला. एकदा मला सर्दी झाली होती आणि मी ती लपवली होती. दुसऱ्या वेळी मी आधी मशीनचा आकडा बघून आले होते आणि त्याला जुळेल असं काहीतरी बोलले. सरांनी स्टॉपवॉच उलटं ठेवलं. "हे तुझी जीभ नाही बोलून राहिली, मशीन बोलून राहिलं. परत घे." मी शरमेने परत घेतलं. मला वाटलं, काय जीभ आहे या माणसाची!

केमिस्ट्री मी दोन विद्यापीठांत शिकले, पण ती कळली सरांमुळे. ह्वाज्यावमध्ये जे मुंग्या आणतं त्याला सांशूल म्हणतात. कार्बनची लांब साखळी, तिच्यात जागोजागी दुहेरी बंध, आणि एका टोकाला नायट्रोजनची गाठ. त्यातला एक बंध वाकडा असतो. उजेड लागला, हवा लागली की तो सरळ होतो. वजन तेच, अणू तेवढेच, पण मग ते जिभेवर काही करत नाही. सर फळ्यावर ती वाकडी साखळी काढत आणि म्हणत, "कंबर वाकडी आहे तोवर नाचते. सरळ केली की झाला सरकारी नोकर. खुर्चीत आहे, पण काम नाही."

अमेरिकेने या मसाल्याला कित्येक वर्षं बंदी घातली होती, कारण त्याच्याबरोबर इथल्या संत्र्या-लिंबांना रोग येईल अशी भीती होती. मग भाजून आणला तर चालेल असं ठरलं. सर मला म्हणाले, "तुझ्यासारखाच. आधी भट्टीतून काढलं, मग आत घेतलं." त्या आठवड्यात माझे व्हिसाचे कागद तिसऱ्यांदा परत आले होते. मला हसू आलं आणि त्याचा रागही आला.

एकदा मी आईशी व्हिडिओवर बोलत होते. सर मागून डोकावले. आईने पदर सावरला आणि विचारलं, "सर जेवले काय गो?" मी म्हटलं, सर विचारतायत, तिरफळं कशी ठेवतेस. आईला एवढ्या लांबून हा प्रश्न आल्याचं नवल वाटलं. ती म्हणाली, "बरणीत, काळोखात. उजेडात ठेवची नाय, जीव जाता तेंचो. आणि कुटूची नाय. नुसती ठेचूची, कालवण उतरताना घालूची."

सरांनी फोनला सॅल्यूट केला. अगदी टाच जुळवून. त्या दिवसापासून लॅबमधली प्रत्येक बाटली ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळली गेली, आणि पावडर करणं बंद झालं. टरफलं नुसती हलकी ठेचून अल्कोहोलात भिजवायची, की सगळं सांशूल अल्कोहोलात उतरतं. त्या बरण्यांवर सरांनी स्वतःच्या हाताने लेबलं लावली: "कोकणच्या आईची पद्धत". तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्याने विचारलं, ही कुठली भाषा आहे? सर म्हणाले, "लॅटिन."

औषध म्हणून या झाडाची चिनी कीर्ती मोठी आहे. पोटात गारठा, पोटात दुखणं, जंत, दातदुखी. सर त्यातलं निम्मं थापा म्हणून सोडून देत, पण दातदुखीवर त्यांचा विश्वास होता. टेक्ससच्या माळावर याचंच एक भाऊबंद रानटी उगवतं. बुंध्यावर शंकूसारखे काटे असतात, आणि जुने लोक त्याला दातदुखीचं झाड म्हणतात. त्याची साल चघळली की हिरडी बधिर होते. सरांनी ते स्वतःच्या अंगणात लावलं होतं. सोसायटीने नोटीस पाठवली की काट्यांमुळे झाड धोकादायक आहे. सरांनी चार पानी उत्तर पाठवलं, त्यात दोन पानं सांशूलची रचना होती, आणि शेवटी विचारलं होतं की सोसायटीच्या अध्यक्षांचे दात कसे आहेत. पुन्हा नोटीस आली नाही.

आता त्या मंगळवारबद्दल.

मी एक नमुना अल्कोहोलात भिजवून काढला होता. भिजून निघालेली टरफलं एका काचेच्या ताटलीत वाळत होती. सगळं सत्त्व निघून गेलेलं, पण कुटलेली नसल्यामुळे दिसायला जशीच्या तशी. मी ती फेकायला विसरले. सर आले, ताटलीतलं एक टरफल उचललं, तोंडात टाकलं आणि स्टॉपवॉच लावलं.

मी म्हणणार होते, सर, ती चोथ्याची आहेत. पण त्यांनी हात वर केला. एकाची चव चालू असताना दुसऱ्याने बोलायचं नाही हाही नियम. ते डोळे मिटून बसले. मी बघत राहिले. बराच वेळ गेला. त्यांनी एक डोळा उघडला. मी त्यांच्याकडेच बघत होते.

"हं! झकास," ते म्हणाले. "चौदा मिनिटं आरामात जाईल. कुठला लॉट?"

मी म्हटलं, "जुनाच आहे, सर." ते निघून गेले. मी त्याच ताटलीतलं टरफल जिभेवर ठेवून पाहिलं. वाळकं लाकूड. काहीही नाही.

मग एकेक करून सगळं माझ्यापुढे उभं राहिलं. गाडीतला ठेचा. "आधी तू सांग." प्रत्येक वेळचं "बरोबर". या माणसाची जीभ मेली होती, आणि गेली दोन वर्षं तो माझ्या जिभेवर शीट भरत होता, स्वतःच्या नावाने. तीस वर्षांची अब्रू, आणि खाली सगळी खोटी सही. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण मला भीतीच वाटली. ज्याने मला आ करायला लावून नोकरी दिली, त्याची नोकरी माझ्या तोंडात आली होती.

मी गाडीत बसून आईला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मगे तेंकाच इचार."

"कसं विचारू? तुमची जीभ गेली का, असं?"

"तां तुझां तू बघ. माका मासे कापूचे आसत."

मी विचारलं नाही. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. आणि शुक्रवारी तो माल आला.

मोठा लॉट होता. घेणारी कंपनी म्हाताऱ्या माणसांसाठी चघळायच्या गोळ्या करणार होती. वयाने, औषधांनी तोंड कोरडं पडतं, घास गिळत नाही, त्यांच्यासाठी. सांशूलने लाळ सुटते हाच त्या गोळीचा सगळा आधार. सर आणि मी बसलो. दीड मिनिटात माझी जीभ गप्प झाली. मी दुसरं टरफल घेतलं, तिसरं घेतलं.

"मेलेला आहे, सर. सगळा."

"बरोबर," सर म्हणाले.

पण मशीन म्हणालं, माल उत्तम. मी दोनदा लावून पाहिला, दोनदा उत्तम. मॅडम रिपोर्ट हातात घेऊन लॅबमध्ये आल्या.

"काका, मशीन क्लिअर सांगतंय. क्लायंट वेट करतोय. तुमी होल्ड का केलं?"

"जीभ नाही म्हणून राहिली."

"कोणाची जीभ, काका? आय मीन, इट्स अ टंग! मी क्लायंटला काय लिहू, माझ्या काकांना मजा नाय आली?"

"तेच लिही. खरं आहे ते."

"नो. आज आपण प्रॉपर करू." त्यांनी स्टूल ओढलं आणि आमच्या मधोमध बसल्या. "माझ्यासमोर टेस्ट करा. मी दोन कप बनवते. एकात हा लॉट, एकात आपला जुना गुड सॅम्पल. कुठला कुठे, फक्त मला माहिती. तुमी सांगा."

सर माझ्याकडे वळले. "आधी तू—"

"नो, काका. ती नाही. तुमी आधी."

कप पुढे आले. सरांनी टाय सरळ केला. खिशातून चमचा काढला, पुसला, परत ठेवला. एका कपाकडे बघून मी भुवई हलवू शकले असते. दोन्हीतला वास मला समोरूनच वेगळा येत होता. सरांच्या नाकालाही आलाच असणार, पण परीक्षा जिभेची होती. मी मान वर केली, आणि सरांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी ती पुन्हा खाली घातली.

"मॅडम," ते म्हणाले, "मी नाही सांगू शकत. माझ्या जिभेले काही कळत नाही. दोन वर्षं होऊन गेली."

मॅडमनी दोन्ही कप मागे ओढले.

"व्हॉट?"

"दाढा दुखत होत्या. डॉक्टरकडं जायच्या ऐवजी मी सहा महिने झाडाची साल चघळली. मस्त वाटलं. या झाडानं दातदुखी बरी होत नाही, दातदुखी कळेनाशी होते. यातला फरक कळायले मले दोन दाढा लागल्या. खाली सगळं सडलं होतं. डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं, इतक्या खोल गेलं आहे की दाढा काढताना जिभेची नस दुखावू शकते. ती दुखावली. दोन्हीकडून."

"आणि तुमी दोन वर्षं टेस्टिंग शीट—" मॅडमचा आवाज चढला. "काका, त्या शीट्सवर मी साइन केलंय! मी! डू यू अंडरस्टँड, त्या फेक आहेत!"

"काढ," सर म्हणाले. "फाइल काढ. कोणतीही."

मॅडमनी ऑफिसातून फाइल आणली. मी उभी राहिले. बसवेनाच. त्यांनी मधलंच एक पान उघडलं आणि वाचता वाचता त्यांचं तोंड उघडं पडलं. सरांनी वास घेतला नाही एवढंच. मग पुढचं पान. मग मागचं.

प्रत्येक शीटवर, मुख्य परीक्षक या रकान्यात, सरांच्या ठसठशीत इंग्रजी अक्षरांत एकच वाक्य होतं: चव घेतली, संवेदना नाही, निकाल देण्यास अपात्र. आणि खाली, निकाल देणाऱ्याच्या रकान्यात, माझं पूर्ण नाव. वडिलांच्या नावासकट. तारीख, वेळ, किती मिनिटं, किती वेळा. दोन वर्षांतली प्रत्येक चव माझ्या नावावर. दोन ठिकाणी शेरा होता: सर्दी, पुन्हा घेतली. आणि: मशीन पाहून बोलली, पुन्हा घेतली. हे त्यांनी चवीने नव्हे, माझ्या ओठांकडे बघून ओळखलं होतं. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी मॅडमची वळणदार सही.

"हे मी... हे मी कधी साइन केलं?" मॅडम पुटपुटल्या.

"दर सोमवारी. फोनवर बोलता बोलता." सरांनी चमचा परत खिशाला लावला. "मी वाट पाहत होतो, कोणी वाचते का म्हणून. नोकरी धोक्यात घालून खरं लिहिलं, तर बाप्पा, वाचणाराच नाही!"

मॅडमनी फाइल मिटली. मग त्यांनी दोन्ही कप माझ्याकडे सरकवले. थांबल्या, उठल्या आणि आणखी चार कप घेऊन आल्या, आमच्याकडे पाठ करून ते भरले. माझ्या मंगळवारच्या ताटलीतली चोथ्याची टरफलं तिथेच पडली होती, तीही त्यांनी दोनांत घातली. मी सहाही सांगितले. एकही चुकला नाही. मेलेला लॉट कुठला, चोथा कुठला, तेसुद्धा.

मग मशीनची नळी बदलून नमुना परत लावला. जुनी नळी झिजली होती, वाकडं आणि सरळ सांशूल तिला वेगळं करता येत नव्हतं. दोघांना मिळून ती आलेखात एकच मोठा डोंगर दाखवत होती. नव्या नळीत दोन डोंगर आले. वाकड्याचा टेकडीएवढा, सरळाचा सह्याद्रीएवढा. खुर्च्या भरलेल्या, काम करणारा कुणी नाही. माल परत गेला.

सरांना मॅडमनी काढलं नाही. पण मुख्य परीक्षकाचं पद सरांनी स्वतःच सोडलं. त्या पदासाठी दोन वर्षांच्या नोंदलेल्या अनुभवाची अट होती, आणि तो अनुभव माझ्या नावावर फाइलबंद पडलेला होता, म्हणून ते माझ्याकडे आलं. माझे कागद चौथ्यांदा गेले ते त्या फाइलीच्या प्रतींसह. ते परत आले नाहीत. सोमवारपासून सर लॅबच्या मध्यभागी बसून, टाय खांद्यावर टाकून, उघडपणे ठेचा खाऊ लागले. मी विचारलं, जिभेला कळत नाही तर ठेचा कशाला? म्हणाले, "जिभेले नाही कळत. घशाले कळते, कानाले कळते, डोळ्याले कळते. एवढे लोक आहेत घरात, एक जण वारला म्हणून बाकीच्यांना उपाशी ठेवायचं?"

आणि मंगळवारचं? तेही मी शेवटी विचारलं. "सर, चोथ्याच्या टरफलाला तुम्ही चौदा मिनिटं का म्हणालात?"

"तू पाहून राहिली होती ना." ते जरा ओशाळले. त्यांना ओशाळलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. "कोणी पाहत असलं की तोंडातून निघून जाते. तोंडी खोटं बोलायले काय लागते? तोंडच तर गेलं आहे. कागदावर नाही जमत मले."

सर आता इथून जवळच, फ्रिस्कोला मुलाकडे राहतात. गेल्या महिन्यात आईने पाठवलेली तिरफळं आली, काळ्या कागदात गुंडाळलेली. मी बांगडे मिळवले, कालवण केलं, उतरताना तिरफळं ठेचून घातली, आणि डबा घेऊन सरांकडे गेले. त्यांनी दारातच माझ्याकडे बघून "आ" म्हटलं. मी केला. मग आत घेतलं.

जेवायला बसलो. सरांनी एक घास घेतला, तिरफळ जिभेवर धरलं, खिशातून स्टॉपवॉच काढलं. ते अजून खिशातच असतं.

"आधी तू सांग."

मी सांगितलं. आधी लिंबासारखा वास येतो, सर, पण चिनी चुलतभावापेक्षा जरा उग्र, ओल्या लाकडासारखा. आता मुंग्या आल्या, जिभेच्या टोकाला. आता कडेला. ओठ थरथरतायत. तोंडाला पाणी सुटलंय. आता माशाचं तेल गोड लागतंय. सर जेवण थांबवून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत ऐकत होते. अकरा मिनिटं झाली, मुंग्या गेल्या, तसं मी सांगितलं. त्यांनी स्टॉपवॉच बंद केलं.

"बरोबर," ते म्हणाले. "मीठ कमी आहे."

मी चमचाभर रस्सा पुन्हा चाखून पाहिला. मीठ खरंच कमी होतं.